चौथ्या ढिगाचं तोंड

किस्से गोळा करायला लोक कुठं कुठं हिंडतात म्हणे. मला हिंगोली सोडायची कधी गरज पडली नाही. आमच्या दुकानात किस्से स्वतःच्या पायांनी चालत येतात, आधी झेरॉक्स काढतात आणि चहा पिऊन जातात. कुणाला सांगितले की लोक म्हणतात, "गजूभाऊ, तिखटमीठ लावू नका!" अरे, तिखटमीठ कशाला लावू? मूळचंच झणझणीत आहे!

दुकान तसं टायपिंगचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं आणि पीएच.डी.वाल्यांचे प्रबंध. पण काही वर्षांपासून एक नवीनच काम मागे लागलंय. संशोधकांचा पेपर असतो ना, पंधरा-वीस पानांचा, इंग्रजी, दुसऱ्या पानावर डुलकी लागणारा? त्याचं सगळं सार एका चित्रात काढून द्यायचं. एक पान, एक नजर, आणि बघणाऱ्याला समजलं पाहिजे. पेपर छापणारे आता असं चित्र सोबत मागतात. प्राध्यापक त्याला 'ग्राफिकल ॲबस्ट्रॅक्ट' म्हणतात, आमच्या प्रतिभा मॅडम 'चित्रसार' म्हणतात आणि रशीदभाई म्हणतात 'पेपराचा बोर्ड'.

आम्ही तिघंच. प्रतिभा मॅडम रिटायर्ड विज्ञान शिक्षिका, अर्ध्या हिंगोलीला बेडकाची पचनसंस्था त्यांनी शिकवली. त्या पेपर वाचतात आणि गोष्टीसारखा सांगतात. रशीदभाई पेंटर. या गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळून गेला. ते मॅडमची गोष्ट ऐकतात आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं चित्र काढतात. मी ते कॉम्प्युटरवर घेतो, रंग भरतो आणि ओरडतो. ओरडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडंच आहे.

*

पहिलंच काम आलं शेळ्यांचं. एका प्राध्यापकांनी शेळीच्या हगवणीवर औषध काढलं होतं. मॅडमनी समजावून सांगितलं, रशीदभाईंनी काढलं. काय शेळ्या काढल्या होत्या! आजारी शेळीचे ते पडलेले कान बघून आपल्याच पोटात कळ यावी. मी रंग भरले आणि दिलं पाठवून.

आठ दिवसांनी सरांचा फोन. "गजूभाऊ, तुमी माझी इज्जत घालवली!"

पेपर छापणाऱ्यांनी त्यांना विचारलं होतं, "आपल्या औषधाने निरोगी शेळी आजारी का पडते?"

मी चित्र उघडलं. डावीकडं टणाटण उड्या मारणारी शेळी, मधे औषधाची बाटली, उजवीकडं मान टाकलेली शेळी. माझं डोकंच फिरलं. रशीदभाईंवर असा ओरडलो की शेजारचा सलूनवाला वस्तरा हातात घेऊन बघायला आला.

रशीदभाई शांतपणे उठले. उजवीकडच्या शेळीवर बोट ठेवलं. "ही बीमार." बोट मधे आलं. "हे औषध." बोट डावीकडं गेलं. "ही बरी. बराबर तर हाय!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. रशीदभाई शिकले उर्दू शाळेत. त्यांची ओळ उजवीकडून सुरू होते, मग शेळीसुद्धा उजवीकडूनच बरी होणार!

"अहो, पण बाण तरी काढायचे!" मी म्हणालो.

"बाण काहून? शेळी बरी झाली हे शेळीकडं बघून समजत न्हाई का?"

त्या दिवसापासून रशीदभाईंनी एक सवय लावून घेतली. कुठलाही पेपर येवो, पक्कं चित्र काढण्याआधी ते विचारणार, "याचं तोंड कुटं हाय?" म्हणजे वाचणारा कुठून आत शिरणार? उत्तर मिळालं की कार्डाच्या त्या बाजूला एक बारीक काळा ठिपका देणार. ठिपक्याच्या आधी एक पक्की रेघ मारणार नाहीत. मी सुरुवातीला वैतागायचो. आता मीच वाट बघत असतो की समोरचा काय उत्तर देतो!

*

मग सुमन आली. आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पुढं तिचा तांडा. तांड्यावरून पीएच.डी.पर्यंत पोचलेली पहिली पोरगी. विषय हळदीचं बेणं. हळद काढल्यावर पुढच्या लागवडीसाठी जे गड्डे राखून ठेवतात, ते बेणं. सावलीत ढीग घालायचे, वरून पाला झाकायचा आणि लागवडीपर्यंत सांभाळायचे. त्यात ते सडतं, ही सगळ्यांची तकलीफ.

सुमननं घराजवळच चार ढीग घातले. तीन ढिगांतल्या बेण्याला तीन वेगवेगळी औषधं, चौथ्याला काहीच नाही. चौथा नुसता तुलनेला. असं दोन वर्षं केलं, आणि दोन्ही वर्षी ज्याला काहीच लावलं नव्हतं त्याच चौथ्या ढिगाचं बेणं सगळ्यात चांगलं राहिलं!

झाली का पंचाईत! पेपर दोनदा परत आला. आता शेवटची संधी होती. चौथा ढीग असा का वागला ते सांगा आणि चित्रसार जोडा, नाहीतर परत पाठवू नका, असं स्पष्ट पत्र. तिचे गाईड सर पुढच्या महिन्यात रिटायर होणार. पेपर मंजूर झाल्याशिवाय प्रबंध जमा होत नाही, आणि सर गेले की नवीन गाईड, नवीन विषय, पहिल्यापासून सगळं. सरांनी तिला सोपा रस्ता सांगितला होता. "चौथा ढीग काढून टाक. तीन ढिगांचा पेपर कर. कोण बघायला येऊन राहिलं?"

सुमन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, पण तो ढीग होता ना. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. नव्हताच असं कसं लिहू?"

मी ओरडणारा माणूस, पण गुपचूप उठून तिच्यासाठी चहा सांगितला.

मॅडमनी पेपर वाचून गोष्ट सांगायला घेतली. पहिला ढीग, दुसरा ढीग, तिसरा ढीग. "आणि चौथा कंट्रोलचा." रशीदभाईंनी मान डोलावली आणि सरसर कच्चं काढलं. बघतो तर चौथ्या ढिगापुढं शटर, तराजू आणि पिशव्या घेऊन उभी असलेली बायामाणसांची रांग!

"हे काय?"

"कंट्रोल!"

बरोबरच होतं त्यांचं. आमच्याकडं कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. पिढ्यान् पिढ्या आम्ही कंट्रोलचा गहू खाल्लेला. संशोधनातला कंट्रोल म्हणजे ज्याला औषध लावलं नाही तो, हे रशीदभाईंना कुणी सांगितलं होतं? सुमन ओढणी तोंडाला लावून इतकी हसली की मॅडम म्हणाल्या, "हसली बाई एकदाची!"

रशीदभाई रांग खोडत पुटपुटले, "मंग सिद्धं सांगावं ना, बिनऔषधाचा ढीग." नंतर कोरं कार्ड पुढं ओढून त्यांनी तिला विचारलं, "बेटा, आधी येवढं सांग. तीन काढू का चार?"

"दोन दिवस थांबा चाचा," म्हणाली. दोनाचे आठ झाले. रोज जीपनं यायची, कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसायची आणि कोरं कार्ड रशीदभाईंच्या खिशात तसंच राहायचं.

*

ती कोपऱ्यात बसलेली असतानाच कळमनुरीचे एक समाजशास्त्राचे सर आले. तीस पानांचा पेपर. चेहऱ्यावर असं तेज, जणू या पेपरानं समाज सुधारून झालाय, फक्त चित्र राहिलंय.

रशीदभाईंनी विचारलं, "सर, याचं तोंड कुटं हाय?"

"प्रस्तावनेत. पान एक."

मॅडमनी पान एक वाचलं. रशीदभाई म्हणाले, "यात तर तुमी लई मोठ्या लोकांची नावं घेतली. पर कोणाला काय झालं? ते कुटून सुरू होतं?"

सर म्हणाले, "थांबा." पानं उलटली. एक चहा झाला. परत पानं उलटली. दुसरा चहा झाला. मग पेपर पिशवीत घातला आणि निघून गेले. मी डोक्यावर हात मारला. गेलं गिऱ्हाईक!

आठवड्यानं परत आले. पेपर निम्मा झाला होता. दारातूनच रशीदभाईंना म्हणाले, "सापडलं! पान अकरावर होतं!"

*

आता माझा स्वतःचा किस्सा. लपवला असता, पण मॅडम सगळ्या गावाला सांगत असतात, त्यापेक्षा मीच सांगतो.

लग्नसराई होती. एका बाजूला पत्रिका, दुसऱ्या बाजूला एका डॉक्टरबाईंचं काविळीवरचं चित्रसार. पत्रिकेचीच फाईल उघडून मी त्यात काम केलं. मजकूर काढला, वेलबुट्टी काढली, 'आमचे येथे श्रीकृपेकरून' काढलं. सगळं कसं स्वच्छ! फाईल थेट परदेशात गेली.

तिकडून उत्तर आलं. चित्र उत्तम आहे, एकच शंका. वर मधोमध जो हत्ती आहे, तो नेमका काय दर्शवतो?

मी गणपती काढायचा विसरलो होतो!

डॉक्टरबाई फोनवर रडायच्या बाकी राहिल्या. मला तर कॉम्प्युटरखाली लपावंसं वाटलं. मॅडम मात्र शांत. चष्मा पुसला आणि बाईंच्या नावानं उत्तर लिहून दिलं, "हा आमच्या भागात प्रत्येक कामाच्या आरंभी वापरतात. रोगावर त्याचा परिणाम तपासलेला नाही."

तिकडून कळवलं की मग निष्कर्षातही तसा उल्लेख करावा.

*

गणिताचे सर आले तेव्हा मात्र आम्ही तिघंही हबकलो. औंढ्याकडचे, अंगानं किडकिडीत, बोलताना स्वतःच्याच चपलांकडं बघणारे. पेपरात एक अक्षर असं नव्हतं की ज्याचं चित्र निघावं. मॅडमनी हात टेकले.

रशीदभाईंनी विचारलं, "सर, हे दिसतं कसं?"

"दिसत नाही. फक्त सिद्ध होतं."

"बरं, हाय कशाचं?"

सर जरा अडखळले. मग म्हणाले, काही आकार असे असतात की ते एकमेकांना लावत गेलं तर जमीन पूर्ण भरते, कुठं फट राहत नाही. ते कधी जमतं आणि कधी जमत नाही, याचा तो पेपर.

रशीदभाईंनी खिशातून सुतळीचा तुकडा काढला. टेबलावर खिळा ठोकला, माझ्या नवीन टेबलावर! मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पट्टी नाही, कोनमापक नाही. सुतळी फिरत होती, पेन्सिल फिरत होती आणि कार्डावर चांदणी उमटत होती. चांदणीला चांदणी, मधे षटकोन, परत चांदणी. एवढीशीसुद्धा फट नाही.

सर उभे राहिले. चष्मा काढला, परत घातला, कोन मोजले. "हे सिद्ध करायला मला सहा वर्षं लागली," ते म्हणाले.

"आमच्या अब्बाला असली फरशी बसवायला चार दिस लागायचे," रशीदभाई म्हणाले. "पर ते उन्हात बसून करायचे."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. दोन्ही हातांत कार्ड धरून त्यांनी विचारलं, "पण हे का जमतं, ते तुमच्या वडलांनी कधी सांगितलं?"

रशीदभाईंचे डोळे भरून आले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. "न्हाई सर. जमतं येवढंच ठाऊक होतं. काहून जमतं ते तुमी सांगा. अब्बा तर गेले, मी तरी ऐकतो."

आणि सर खाली बसून त्यांना सांगायला लागले. दोघंही एकाच कार्डावर वाकलेले. मला त्यातलं काही समजलं नाही, पण त्या दिवशी मी कुणावरच ओरडलो नाही.

सर गेल्यावर कोपऱ्यातून सुमन उठली. रशीदभाईंच्या पुढं येऊन म्हणाली, "चाचा, चारच काढा. काय व्हायचं ते होऊ द्या."

*

रशीदभाईंनी खिशातलं ते कार्ड काढलं. मॅडमनी परत पहिल्यापासून गोष्ट सांगितली. चार कच्चे ढीग उमटले. चौथा काढताना पेन्सिल थांबली.

"तोंड कुटं हाय?"

"डावीकडून सुरू करा चाचा," सुमन म्हणाली.

"चित्राचं न्हाई. ढिगाचं! मॅडमनं आत्ता वाचलं, हवा लागावी म्हणून ढिगाची एक बाजू उघडी ठेवली. कोणती बाजू? मला काढायची हाय ना."

सुमननं लॅपटॉप ओढला. पेपरात बुरशीची लांबलचक नावं होती, औषधाचं ग्रॅममध्ये माप होतं, ढिगाच्या आतलं तापमान होतं. 'एक बाजू मोकळी' एवढंही होतं. कोणती बाजू, हे सोळा पानांत कुठंच नव्हतं!

आणि हे ना गाईड सरांच्या लक्षात आलं होतं, ना तिच्या, ना पेपर दोनदा परत पाठवणाऱ्यांच्या. लिहिताना 'एक बाजू' म्हणून पुढं जाता येतं. काढताना ती कुठंतरी काढावीच लागते!

"मी तर आठवडाभर विद्यापीठात राहायची," सुमन हळूच म्हणाली. "ढीग याडीनं सांभाळले." याडी म्हणजे आई. फोन लावला. पलीकडून सोनाबाई म्हणाल्या, "फोनवर ढीग कसा दावू? उद्या येते."

*

पेपर मंजूर झाला, हे आत्ताच सांगून टाकतो, उगीच तुमचा जीव टांगणीला नको. चित्रसार आमच्या भिंतीवर लावलंय, कधी आलात तर दाखवीन. पण खरा किस्सा त्याच्या आधीचा.

दुसऱ्या दिवशी अकराच्या जीपनं सोनाबाई उतरल्या. कोपरापर्यंत बांगड्या, कपाळावर गोंदण. स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. सुमननं कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं आणि तेवढ्यात गाईड सरांचा फोन आला. सुमनच्या एका हातात लॅपटॉप. तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"काढून टाकला का चौथा?" सर म्हणाले. "आज पाठवायचंय, सुमन."

सुमन काही बोलणार, तोवर सोनाबाईंनी विचारलं, "उगवत कुटं हाय?"

फोनमधल्या माणसाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. दुकानाचं दार पूर्वेला, मी तिकडं हात केला. त्यांनी टेबलावरचं कार्ड गरकन फिरवलं, दाराशी जुळवलं आणि म्हणाल्या, "आता बराबर. हा बघा, इकडं माळ. इकडं लिंबाचं झाड. ह्या तीन ढिगांची तोंडं माळाकडं. चौथ्याचं लिंबाकडं."

"काहून?" रशीदभाईंनी विचारलं.

"शेळी!"

"शेळी?"

"चौथा ढीग वाटंवर. आमची शेळी येता-जाता त्यात मुंडकं घालायची. म्हणून मी त्याचं माळाकडचं तोंड बुजवलं आणि लिंबाकडून उघडलं."

मॅडमनी विचारलं, "दोन्ही वर्षी?"

"शेळी दोन्ही वर्षी होती."

आम्हा तिघांना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी कार्डावर तळहात ठेवला आणि तो माळाकडून ढिगांवर आणला. "आमच्याकडं वळवाचं पाणी येतं ते ह्या माळावरून. असं आडवं. तीन ढिगांच्या तोंडात मारा गेला. औषध धुऊन गेलं, बेणं भिजलं, आतून गरम झालं, सडलं. चौथ्यानं तोच मारा पाठीवर घेतला. पाठ वली झाली, पोट कोरडं राहिलं." मग बोट उचलून म्हणाल्या, "औषध वाईट न्हाई. तोंड वाईट."

या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि तिनं सोळा पानांचा पेपर आमच्या टेबलावर उघडून ठेवला होता. सगळ्यात आधी मॅडम खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी सोनाबाईंना बसायला जागा दिली.

सुमनला रडू फुटलं. "याडी, मला कधी सांगितलं काहून न्हाई?"

"तू इचारलंच न्हाई, सुमे. तू रोज फोनवर पावडर किती ते इचारायची."

रशीदभाईंनी पेन्सिल घेतली. चौथ्या ढिगाचं तोंड लिंबाकडं काढलं आणि तिथंच तो बारीक काळा ठिपका दिला.

फोन चालूच होता, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. मग सर खाकरले.

"सुमन, चौथा ढीग राहू दे. चित्रात मधोमध घ्या. तोंडांचं हे सगळं जसंच्या तसं लिही, पेपरचं नावपण बदलावं लागंल." मग आवाज एकदम अदबीचा झाला. "आणि आत्ता हे ज्या मॅडमनी समजावून सांगितलं, त्या कोण? कोणत्या विभागाच्या आहेत?"

सुमन डोळे पुसत होती. रशीदभाई फोनकडं वाकले.

"साहेब," ते म्हणाले, "कंट्रोलच्या!"